उंबरठ्यावरचा धूर

काकांचं आणि माझं रक्ताचं नातं नव्हतं. निफाड तालुक्यातून मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा त्यांच्या घरातली मागची खोली मला भाड्याने मिळाली, ओळख तेवढीच. ते वेधशाळेतून निवृत्त झालेले. 1928 साली हवामान खात्याचं मुख्य कार्यालय शिमल्याहून शिवाजीनगरला आलं, म्हणून जुने पुणेकर त्या इमारतीला ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. काकांनी तिथे उभा जन्म नकाशे भरले. गावोगावचं तापमान, दाब, वारा बारीक निबाने मांडायचा आणि मग समदाब रेषा ओढायच्या.

डिसेंबरातल्या एका रात्री मी त्यांना विचारलं, “आघाडी म्हणजे नेमकं काय हो?” ते उठले. स्वयंपाकघरात काकूंची भाकरी नुकतीच आटोपली होती, खोली उबदार होती. काकांनी मागचं दार उघडलं आणि पेटती उदबत्ती उंबरठ्याशी धरली. धूर सरळ आत, आमच्या पायांकडे आला. मग हात उंच करून तीच उदबत्ती चौकटीच्या वरच्या कडेला नेली, तर धूर बाहेर निघाला. “गार हवा जड. ती खालून शिरते. गरम हवा हलकी, ती वरून निघून जाते. या दोघी पटकन मिसळत नाहीत. त्यांच्यामधली सीमा म्हणजे आघाडी. नकाशावर ती हजार किलोमीटर लांब असते, एवढंच.”

पुढे कितीतरी रात्री या विषयात गेल्या. गरम हवा गार हवेच्या उतारावरून सावकाश चढते तेव्हा आधी पिसांसारखे ढग येतात, चंद्राला खळं पडतं, मग तासन्‌तास संततधार लागते. गार हवा गरम हवेखाली पाचरीसारखी घुसते तेव्हा ढग उभेच्या उभे वाढतात, पाऊस झोडपतो, वारा दिशा बदलतो आणि आभाळ धुऊन निघतं. हे उलगडलं नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये. पहिलं महायुद्ध चालू होतं, समुद्रापलीकडून हवामानाच्या तारा येत नव्हत्या आणि देशात धान्याची टंचाई होती. व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी 1918 च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर निरीक्षकांचं दाट जाळं उभारलं. त्या नोंदींतून त्यांचा तरुण मुलगा याकोब याला वादळातल्या या सीमा दिसल्या आणि 1919 मध्ये त्याने त्या मांडल्या. ‘आघाडी’ हे नाव युद्धाच्या आघाडीवरूनच आलं. ती सगळी धडपड शेतकऱ्यांना अंदाज देता यावा म्हणून झाली, हे सांगताना काकांचा आवाज दर वेळी हलायचा.

आपल्याकडे अशी रेखीव आघाडी क्वचितच पोचते. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंजावात हिवाळ्यात हिमालयावर बर्फ टाकतात, तोवर त्यांच्या आघाड्या विरत आलेल्या असतात. पण ते सरकले की मागून उत्तरेचं कोरडं वारं सुटतं, रात्री निरभ्र होतात आणि निफाडचा पारा उतरतो. आम्ही पहाटे शेकोट्या पेटवायचो ती थंडी कुठून येते, हे मला पुण्यातल्या त्या घरात कळलं.

मार्च 2014 मध्ये गावाकडची आमची द्राक्षबाग गारांनी झोपवली. घड काढणीला आलेले. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, चढ्या भावासाठी व्यापाऱ्याला दोन दिवस थांबवलं होतं. ते दोन दिवस त्यांच्या मनातून जाईनात. “माझ्या हावेची शिक्षा,” एवढंच म्हणायचे. बागेत पाऊल टाकेनात, जेवेनात.

मी काकांना फोनवर सांगितलं. ऐंशीच्या घरातला माणूस दुसऱ्या दिवशी एसटीने आला. ओट्यावर बसून त्यांनी द्राक्षाच्या पेटीतला कागद पसरला आणि पेन्सिलीने देश काढला. वरून खोलवर उतरलेला पश्चिमी वाऱ्यांचा गार, कोरडा पट्टा. खालून दोन्ही समुद्रांकडची दमट हवा. मध्ये मार्चच्या उन्हाने तापलेली आपली जमीन. “दमट हवा उसळून वर गेली, ढगातलं पाणी गोठलं. वर जाणाऱ्या वाऱ्याने गारा तोलून धरल्या, त्या वाढत गेल्या, पेलवेनाशा झाल्या तेव्हा पडल्या. मराठवाड्यात पडल्या, विदर्भात पडल्या. दादा, तुमच्या सौद्याची वार्ता या वाऱ्यांना कशी असणार?”

दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “वरचा गार वारा आलाय हे खालून ओळखायचं कसं?” दहा दिवसांत त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. संध्याकाळी दोघं बागेत गेले.

तेव्हापासून दादा फवारणीच्या वहीत रोज वाऱ्याची दिशा लिहितात. काका गेल्याचा फोन आला त्या दिवशीच्या पानावर औषधाचं नाव नाही. तिथे लिहिलंय : ‘वारा उत्तरेचा. आभाळ मोकळं. पुण्याला निघालो.’