मिठाचा खडा

आमच्या पनवेलच्या घरात मिठाची बरणी म्हणजे आईची जहागीर. तीत खाडीकाठच्या मिठागरातले खडेमीठच पडायचे. पुडीतल्या पांढऱ्याशुभ्र मिठाला ती 'दवाखान्यातली पूड' म्हणे.

आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला सरकारने १९९८ साली मनाई केली, २००० साली ती उठवली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू केली. या दुसऱ्या खेपेला आमचा वाणी म्हणाला, "काकू, आता खडेमीठ विसरा!"

आई घरी आली ती तणतणतच. "इंग्रजाच्या मिठाच्या कायद्यापायी १९३० साली शिरोड्याला, वडाळ्याला लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आता आपलंच सरकार सांगणार, मीठ कुठलं खायचं ते?"

मी आईच्याच पक्षाचा. आपल्या पैशाने काय घ्यावे हे गिऱ्हाइकाला कळते. सरकारने फार तर पुडीवर खरे काय ते छापून घ्यावे, असे माझे ठाम मत. शिवाय समुद्राच्या मिठात आयोडीन असायचेच, अशी माझी खात्री!

त्याच पावसाळ्यात आईच्या धाकट्या सुनेला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले, "घरात मीठ कुठलं वापरता?" झाले! मी माझे व्याख्यान ऐकवले. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "समुद्राच्या मिठात आयोडीन फारच थोडं उरतं. ते कमी पडलं तर जिभेला कळत नाही, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. तुमच्या गिऱ्हाइकांत त्या बाळाला मत आहे का हो?"

मी निरुत्तर झालो. मग वाचू लागलो. हिमालयाच्या कुशीतल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले, तेव्हा काही वर्षांतच मुलांमधला गलगंड घटला. त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आणि हे औषध तरी किती? गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या किलोभर मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन!

म्हणून सरकारचे सारेच बरोबर, असे मात्र नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भेसळ रोखण्याच्या कायद्याखाली अशी मनाई करण्याचा अधिकार सरकारला नव्हता. हेतू चांगला असला तरी त्याला कायद्याचा आधार हवाच. पण न्यायालयाने नियम लगेच मोडीत काढला नाही, सहा महिन्यांची मुदत दिली. आणि त्याच वर्षीच्या नव्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई पुन्हा आली.

आमच्या घरचा निवाडा त्याआधीच झाला होता. दवाखान्यातून परतताना मी पुडी आणली. आईने ती मुकाट्याने बरणीत ओतली. सुनेपुढे आणि नातवंडापुढे तिचा सत्याग्रह टिकला नाही.

पुढे मी तिला सांगितले, की पदार्थ टिकवण्यासाठी लागणारे साधे मीठ, तसे स्पष्ट छापलेले असेल तर, विकायला नियमाची आडकाठी नाही. आई खुलली. "मग लोणचं म्हणजे दुसरं काय असतं रे?"

तेव्हापासून घरात दोन बरण्या आहेत. चवीची निवड आईची. पण ज्याला अजून निवडताच येत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला हवे, एवढे मला पटले आहे. तो पुतण्या आता कॉलेजात जातो आणि रोज जेवताना आजीला ऐकवतो, "आजी, आमटी अळणी झालीय!"