ज्याचा त्याचा चढ

सायकल आपल्याकडे गरजेपोटी आली आणि बराच काळ गरजेपुरतीच राहिली. दूधवाल्याच्या किटल्या, पेपरवाल्याचे गठ्ठे, कामगाराचा डबा, शाळकरी मुलाचे दप्तर हे सारे तिने वर्षानुवर्षे निमूटपणे वाहिले. पुण्याला तर एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणत. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली आणि सायकल जिन्याखालच्या अंधारात भिंतीला टेकून उभी राहिली. हेच वाहन उद्या डोंगर चढेल, रानातल्या पायवाटांनी हिंडेल आणि माणसे ते हौसेने चढवतील, असे तेव्हा मला कोणी सांगितले असते, तर मी हसले असते.

परंतु तसे घडले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरीन नावाचा डोंगराळ, वनराईने नटलेला परगणा आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली घेऊन कच्च्या डोंगररस्त्यांवरून खाली येऊ लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी अशाच एका तीव्र उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. त्या उताराला ‘रिपॅक’ असे नाव पडले. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसापाशी असे. उतरताना तो इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ म्हणून ‘रिपॅक’. पुढच्याच वर्षी त्या मंडळींपैकी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सायकलचा सांगाडा घडवला. वीस वर्षांच्या आत, १९९६ साली, अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

खेळ वाढला, तशा त्याच्यासाठी जंगलातून वाटा आखल्या जाऊ लागल्या. त्यांची माहिती वाचताना एका गोष्टीने माझे मन वेधून घेतले. या वाटांच्या तोंडाशी रंगांच्या खुणा असतात. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा चौकट-आकार म्हणजे अवघड. बर्फावर घसरण्याच्या खेळातून ही पद्धत आली. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मध्ये लाल रंगाची आणखी एक पायरी असते. डोंगर एकच, झाडी एकच, वाराही तोच; पण शिकाऊ माणसासाठी रुंद आणि मंद चढाची वाट आहे, आणि सरावलेल्यासाठी दगडधोंड्यांची, अरुंद, अंगावर येणारी वाटही आहे. कोणत्या वाटेने जायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ‘तू अमुक वयाचा आहेस, म्हणून अमुक वाटेनेच जा’ असे तो फलक सांगत नाही. तो केवळ वाटेचा स्वभाव सांगतो.

आपल्याकडच्या टेकड्यांवर असे फलक सहसा नसतात. तेथे वाटेचा रंग आपणच ओळखावा लागतो. मी तो ओळखायला शिकले पुण्याच्या वेताळ टेकडीवर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीची ही टेकडी शहराच्या ऐन वस्तीत उभी आहे. माथ्यावर वेताळाचे देऊळ, एका अंगाला दगडाची जुनी खाण, उतारांवर वाढलेली झाडी. हिवाळ्याच्या अखेरीस गिरिपुष्पाची निष्पर्ण झाडे फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. पहाटे मोरांचा केकारव ऐकू येतो. खाली वाहनांची घरघर चालूच असते, पण ती दुरून आल्यासारखी वाटते.

लहानपणी दांडीखालून पाय घालून मी सायकल शिकले होते. त्यानंतर तीस वर्षांत तिला हात लावला नव्हता. माझी भाची या टेकडीवर नेमाने सायकल चालवी. तिने आपली जुनी गिअरची सायकल माझ्यासमोर आणून उभी केली, तेव्हा मला दोन गोष्टींची भीती वाटली. पहिली पडण्याची. या वयात मोडलेले हाड लवकर जुळत नाही, हे मी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहून जाणत होते. दुसरी भीती अधिक अवघड होती. ती लोकांच्या नजरेची होती. टेकडीवर फिरायला येणारी ओळखीची माणसे काय म्हणतील? आपल्या अर्ध्या वयाची मुले शेजारून सपकन निघून जातील, आणि आपण धापा टाकत सायकल ढकलत असू!

पहिल्या आठवड्यात नेमके तसेच झाले. रुंद वाटेवरच्या साध्या चढालाही मला तीनदा उतरावे लागले. एका वळणावर दोन मुले मला ओलांडून गेली. त्यांतल्या एकाने वळून पाहिले. तो आता हसेल, असे मला वाटले; पण तो म्हणाला, “काकू, चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. मध्यावर बदलला तर चेन अडकते.” मी तसे केले आणि पुढचा चढ न उतरता पार पडला. जी नजर मला टोचेल असे वाटत होते, तिच्यात केवळ एका पुढे गेलेल्या शिकाऊची आस्था होती.

चढ दम शिकवतो. उतार मात्र विश्वास शिकवतो. सुट्या मुरुमावर चाक घसरू लागले, की हात आपोआप ब्रेक आवळतात. पुढचा ब्रेक एकदम दाबला, तर सायकल जागीच थबकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून दोन्ही ब्रेक हलकेच लावायचे, दोन्ही पायडले एका पातळीत धरून त्यांवर उभे राहायचे आणि अंगाचा भार मागे न्यायचा. हे सारे तोंडपाठ होऊनही मी पहिल्या खडकाळ उतारावर थिजून उभी राहिले होते. भाची खालून ओरडली, “मावशी, दगडाकडे बघू नकोस! जिथे जायचंय तिथे बघ.” मी नजर दगडावरून उचलली आणि पलीकडच्या सपाट मातीवर ठेवली. सायकल त्या नजरेमागून गेली. दगड चुकवण्याची धडपड करावी लागली नाही. तो बाजूला राहून गेला.

या टेकडीवर एक वाट अशी आहे, की तिच्यावरून मी आजही सायकल नेत नाही. खाली उतरते आणि सायकल हातात धरून चालते. सुरुवातीला मला याचा संकोच वाटे. आता वाटत नाही. जेथे आपले कौशल्य संपते तेथे उतरणे, हेही एक कौशल्यच आहे. अभ्यासकेंद्रांवर स्वतःच्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी वही उघडून बसलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. कोणी यंदा दोनच विषय घेतलेले असतात, कोणी पाचही. दोन विषय घेणारी मागे राहिलेली नसते. तिने आपल्या श्वासाला झेपणारा चढ निवडलेला असतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण त्याचा अर्थ पायांना कळला तो टेकडीवर.

सर्वांना सामावून घेणारी वाट मात्र आपोआप होत नाही. वाट नीट आखणारे लोक आधी पाण्याचा विचार करतात. डोंगराच्या पोटावरून आडवी जाणारी वाट टिकते, सरळ खाली धावणारी वाट पहिल्याच पावसात ओहोळ होते. वाटेचा चढ सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावा, म्हणजे शंभर मीटर अंतराला दहा मीटर उंची गाठावी, असा एक संकेत आहे. वाटेची दरीकडची कड किंचित खाली कललेली ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवर साचत नाही आणि तिच्यावरून धावतही नाही. ते आडवे ओलांडून जाते. इतके करूनही एखाद्याने ऐटीने ब्रेक दाबून चाक फरफटवले, तर मातीत चर पडतो. पुढच्या सरीत त्या चरातून पाणी वाहते आणि एका क्षणाची ऐट वर्षभर डोंगराच्या अंगावर दिसत राहते.

म्हणून या वाटांचे काही नियम आहेत आणि ते मला फार सुसंस्कृत वाटतात. सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला वाट द्यावी. उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे, कारण चढणाऱ्याचा दम एकदा तुटला, की पुन्हा जुळायला वेळ लागतो. मळलेली वाट सोडून झाडीत नवी वाट पाडू नये. आणि मोठ्या पावसानंतर माती सुकेपर्यंत टेकडीवर सायकल नेऊ नये.

हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार झालेली असते, पाय शिवशिवत असतात, आणि आपण मात्र सायकल घरी ठेवून छत्री घेऊन पायीच निघतो. ओल्या मातीत चाकांच्या खुणा नसतात. वाट स्वस्थ पडून पाणी पीत असते. भाद्रपद सरला, ऊन पडले, की ती पुन्हा घट्ट होईल आणि त्या दिवशी कोणीतरी पहिल्यांदाच सायकल घेऊन तिच्या पायथ्याशी उभे असेल. त्या माणसाला ती धड मिळाली पाहिजे.