यातून काय निघेल?

पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये टू बाय टू रुबिया फिक्यापासून गडदपर्यंत रंगाने लावलेली असते, आणि तिथे ती तशीच लावायला हवी. कारण त्या फडताळातलं कापड सगळं एका जातीचं. उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुपदरी. पन्हा तोच, पोत तोच. फरक काय तो रंगात, मग क्रमही रंगानेच लागणार. घरच्या शिवणखोलीत नेमकं उलटं असतं. कापडगंजातून आणलेलं 36 इंच पन्ह्याचं पॉपलीन, 44 पन्ह्याचं कॅम्ब्रिक, 58 पन्ह्याचं सुटाचं कापड, गुळेदगुड्डचा अरुंद खण, कुणाच्या तरी इरकलीचा उरलेला काठ, असा सगळा संसार एका कपाटात नांदतो. तो इंद्रधनुष्यासारखा मांडणं म्हणजे दुकानाची नक्कल झाली, तीही दुकानदाराचं कारण समजून न घेता. हल्लीच्या रील्समध्ये पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या छोट्या ताग्यांची जी सप्तरंगी भिंत दाखवतात, तिच्यावर मी चिडते ती याचसाठी. त्या भिंतीसमोर बसून कुणी फार शिवत असेल असं मला वाटत नाही.

कापायला बसलेल्या बाईचा प्रश्न एकच असतो: यातून काय निघेल? त्याचं उत्तर रंगात नसतं. ते पन्ह्यात, धुतल्यावर उरलेल्या लांबीत आणि उभा धागा कुठल्या दिशेने जातो यात असतं. 80 सेंटिमीटरच्या 44 पन्ह्यातून आखूड बाहीचं साधं ब्लाउज आरामात निघतं. तेवढंच कापड 36 पन्ह्याचं असेल आणि छाती 40 असेल, तर कोपरापर्यंतची बाही जोड दिल्याशिवाय निघत नाही. कटोरी असेल तर आणखी पंचाईत. मखमलीची लव किंवा एकाच दिशेने छापलेल्या फुलांची दिशा सांभाळायची, तर कागदावरचा एक मीटर प्रत्यक्षात एक मीटर उरत नाही. म्हणून घडीवर चिठ्ठी हवी: पन्हा, धुतल्यानंतरची लांबी, उभ्या धाग्याचा बाण. ‘रंग तर आधी डोळ्यांत भरतो’ असं यावर कुणीही म्हणेल. भरतो, पण कुणाच्या डोळ्यांत? वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गडद निळा नि काळा एकमेकांत मिसळायला लागतात. माझ्या चष्म्याच्या वाढत्या नंबराने मला या मताकडे ढकललं हे खरं. पण तरुण डोळ्यांनाही मॅचिंग करायचं तर तुकडा घेऊन दुकानाच्या पायरीवर, उजेडात यावंच लागतं. फडताळातला रंग कुणालाच पुरत नाही.

पोताप्रमाणे लावावं, सुती एकीकडे नि रेशीम दुसरीकडे, असं जुन्या शिवणाऱ्या सांगतात. रेशीम आणि जर वेगळी ठेवावीच. मलमलीत गुंडाळून, डांबरगोळ्यांपासून लांब, आणि मधूनमधून घडी मोडून दुसरीकडे पाडून, नाहीतर जर घडीवरच तुटते. खळ असलेलं कापड न धुता पावसाळ्यात झाकणबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलं, तर कसर आणि बुरशी दोघींनाही आमंत्रण. पण ही राखण झाली, रचना नव्हे. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात 20 हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या थोड्याच मांडलेल्या आहेत. मांडणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. संग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर 50 लक्सच्या आतबाहेर मंद उजेड ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. खिडकीसमोरच्या उघड्या फडताळात सजवलेलं कापड घडीच्या कडेवर फिकट रेघ घेऊन निघतं आणि ती रेघ नेमकी पाठीच्या मधोमध येते.

तरीही चिठ्ठ्यांची माझी रचना एका ठिकाणी अडतेच. ब्लाउज कापल्यावर मुंढ्याच्या गोलाईखाली एक तुकडा उरतो: दोन बाजू सरळ, एका बाजूला किनार, चौथी बाजू आत चावलेली. याची लांबी काय लिहायची? टोकापासून टोकापर्यंत मोजली तर चिठ्ठी खोटं बोलते. आत बसेल असा मोठ्यात मोठा चौकोन मोजला तर चिठ्ठी खरी होते, पण तुकडा कंगाल ठरतो. कारण त्या चावलेल्या बाजूच्या कोपऱ्यातूनच गळ्याची उरेब पट्टी निघते आणि ती चौकोनात कधी मावत नाही. दोन्ही मापं लिहावीत, तर कपाटाची खतावणी होते. आणि कापलं की तुकड्याची जात पुन्हा बदलते. कालचं ब्लाउज आज अस्तर, उद्या पट्टी. रंगाच्या क्रमाला हा त्रास नसतो, लाल तुकडा कितीही कापला तरी लालच राहतो, आणि रंगवाल्यांचा हा एकच मुद्दा मला खोडता येत नाही. खोडता येत नाही म्हणून मान्य करावा, इतकी मी उदार नाही.

ओटीत आलेले ब्लाउजपीस मात्र मी या हिशोबात धरत नाही. ते कुणी निवडलेले नसतात, कुणाच्या मापाचे नसतात, आणि त्यातले बरेच पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या ओटीत जायचे असतात. कापडाचा साठा साचतो तो विकत घेण्यामुळे कमी, बाहेर न जाण्यामुळे जास्त. बोहारीण दारावर यायची तेव्हा स्टीलच्या एका पातेल्यावरून तासभर घासाघीस चालायची, पण कपाट रिकामं व्हायचं. जुन्या नऊवारीची गोधडी व्हायची. गोधडी शिवणारी चिंध्या रंगाने लावत नाही, विरलेलं आत घालते, धडकं वर. माझ्या मते व्यवस्थेचं एवढं शहाणपण कुठल्याच डब्यात नाही. एवढं सगळं म्हणून झाल्यावरही माझ्या कपाटातल्या प्रत्येक घडीची कड प्लायवूडच्या एका पट्टीला लावून एकसारखी केलेली असते. कापायला त्याचा काडीचा उपयोग नाही. दार उघडताना मागे कुणी उभं असलं तर मला बरं वाटतं, इतकंच. आणि पैठणीच्या काठाचा वीतभर तुकडा, ज्यातून काहीही निघत नाही, तो मी सगळ्यांत वर ठेवते.