कड्यावर राहिलेली आई



जूनअखेरीस आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला जाऊन आलो. लंडनचे फोटो तुम्ही पाहिलेच आहेत, ते सोडून देते. आज सांगायचंय ते तिथल्या दक्षिण किनाऱ्याबद्दल आणि एका छोट्या बोटीबद्दल.

या किनाऱ्याला जुरासिक कोस्ट म्हणतात. एक्समथपासून ओल्ड हॅरी नावाच्या पांढऱ्या सुळक्यांपर्यंत सुमारे १५० किलोमीटर. २००१ साली तो जागतिक वारसा ठरला. खडकांचे थर पूर्वेकडे कललेले आहेत, त्यामुळे पश्चिमेकडून निघालं की आधी लाल, मग राखाडी आणि शेवटी खडूसारखा पांढरा कडा लागतो. जुन्याकडून नव्याकडे असा १८.५ कोटी वर्षांचा प्रवास. जावईबापू हे सांगत होते आणि मला पाठशाळेतले पल्य आणि सागर आठवले. लहानपणी ती कालगणना ऐकून आम्ही मुली गालात हसायचो. इथे कड्याखाली उभी राहिले तेव्हा हसू आलं नाही.

पहिल्या दिवशी लाइम रीजिसला गेलो. तिथल्या किनाऱ्यावर नातवाला रुपयाएवढा चक्राकार दगड सापडला. "आजी, ही गोगलगाय आहे?" गोगलगाय नव्हे, अमोनाइट. फार पूर्वी नामशेष झालेला समुद्री जीव. तो मेला, शिंपला चिखलात रुतला आणि चिखलाबरोबर दगड झाला. आमच्या शेजारच्या काकूंच्या देवघरातला शाळिग्राम म्हणजे असाच अमोनाइट, हे मला तिथे कळलं. तिथे सुटे पडलेले जीवाश्म उचलू देतात, कडा मात्र फोडायचा नाही. एका जिवाचं घर खिशात घालावं का, असं माझ्या मनात आलं. पण नातवाचा चेहरा पाहून गप्प बसले.

याच गावची मेरी ॲनिंग. जन्म १७९९ चा. वडील सुतार, ती ११ वर्षांची असताना गेले. भावाला १८११ मध्ये एका अजस्र प्राण्याची कवटी सापडली आणि पुढच्या वर्षी हिने त्याचा उरलेला सांगाडा शोधला. तो होता इक्थिओसॉर. पुढे आयुष्यभर जीवाश्म शोधून, विकून तिने घर चालवलं. मोठमोठे विद्वान तिच्याकडून ते विकत घेत, पण त्यांच्या संस्थेत बाईला प्रवेश नव्हता. २०२२ साली गावात तिचा पुतळा उभा राहिला, सोबत तिचा कुत्राही आहे.

दुसऱ्या दिवशी स्वानेजच्या धक्क्यावरून बोट धरली. दहा-बारा माणसांचीच. नावाड्याने सगळ्यांना वेफर्स दिले. मी हात आखडायच्या आत लेक म्हणाली, "आई बटाटा खात नाही." मग आम्ही आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उघडली. उन्हाळ्यात तिथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे रात्रीच्या जेवणाची चिंता तर नव्हतीच.

डर्लस्टनच्या कड्यांखाली बोट थांबली. वर अरुंद कपारींवर काळे-पांढरे गिलमॉट पक्षी दाटीने बसले होते. हे घरटं बांधत नाहीत, अंडं उघड्या खडकावरच घालतात. नावाडी सांगत होता आणि लेक मला मराठीत सांगत होती. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं होतं, धड उडताही येत नाही, तेव्हा ते कड्यावरून समुद्राकडे झेप घेतं. खाली पाण्यात बाप हाका मारत असतो. मग दोघं खोल समुद्रात निघून जातात. आई काही दिवस कड्यावरच राहते.

इथे लेक थांबली. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

मैत्रिणींनो, सात वर्षांपूर्वी ती शिकायला निघाली, तेव्हा मी विमानतळावर गेले नव्हते. एकुलती एक मुलगी परदेशात एकटी, हे मला पटलंच नव्हतं. हे तिला सोडायला मुंबईला गेले. मी सांगलीतच राहिले, महिनाभर तिच्याशी धड बोललेही नाही. नंतर सगळं सुरळीत झालं, लग्न झालं, नातू झाला. दरवर्षी क्षमावाणीला मी शंभर-दीडशे जणींना संदेश पाठवते, त्यात तिलाही. पण त्या एका गोष्टीबद्दल क्षमा कधी मागितली नव्हती.

बोटीजवळच एक गिलमॉट तरंगत होता, त्याच्या बाजूला मुठीएवढं पिल्लू. मी लेकीचा हात धरला आणि म्हटलं, "तेव्हा मी यायला हवं होतं गं. माझं चुकलं."

ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबांनी विमानतळावर तुझा डबा दिला होता. दशम्या होत्या. दोन दिवस पुरवून खाल्ल्या मी."

रुसून बसले होते, तरी पहाटे उठून डबा केला होता. हे मी विसरले होते, ती नाही.

यंदा दशलक्षण पर्वानंतर सगळ्यांना एकच संदेश पाठवण्याआधी एक फोन करा. कोणाला, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि हो, प्रवासात चार दिवस टिकणाऱ्या दशम्यांची कृती पुढच्या लेखात.