कोणाच्या बोटावर?

ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेल्या ड्युसेलडॉर्फ नगरात दर नोव्हेंबरात 'मेडिका' हे वैद्यकीय उपकरणांचे प्रदर्शन भरते. देशोदेशींचे पाच हजारांवर प्रदर्शक आपापला माल तेथे मांडतात. आणि शस्त्रक्रियेची मेजे, कृत्रिम श्वसनाची यंत्रे, रक्तपरीक्षेची स्वयंचलित साधने यांच्या रांगा ओलांडीत एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना, मानवी देहाच्या एकेका व्यथेपायी केवढी बुद्धी आणि केवढी चिकाटी खर्ची पडली आहे, या जाणिवेने माझे मन भारावून गेले. राँटगेनचे जन्मगाव लेनेप येथून फार दूर नाही. क्ष-किरणांचा शोध लावूनही त्याचे एकस्व न घेणाऱ्या त्या पुरुषाचे स्मरण खरेदीविक्रीच्या त्या गजबजाटात मला वारंवार होत होते.

परंतु मी अधिक काळ रेंगाळलो तो अजस्र यंत्रांपाशी नव्हे, तर बोटाला चिमट्यासारख्या बसणाऱ्या ऑक्सिमीटरपाशी. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, प्राणवायूने भारलेले व न भारलेले रक्त ते निरनिराळ्या प्रमाणात शोषते, आणि नाडीच्या ठोक्यासरशी उचंबळणारा अंश तेवढा निवडून घेतला, की धमनीतल्या रक्ताचा हिशेब हाती येतो. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली मांडलेली ही युक्ती मला विज्ञानातील निर्मळ सौंदर्याचा उत्तम दाखला वाटते. कोरोनाच्या साथीत, २०२०च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आमच्या आशाताई, म्हणजे 'आशा' आरोग्यसेविका, हेच साधन घेऊन महाराष्ट्रात दारोदार फिरल्या, आणि त्यावर उमटणारा आकडा कुणाला दवाखान्यात धाडावे व कुणाला घरी ठेवावे याचा जणू हुकूमच झाला.

हा आकडा मात्र एका कोष्टकावरून निघतो. निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील प्राणवायू मुद्दाम उतरवून, धमनीतल्या रक्ताच्या प्रत्यक्ष मोजणीशी ताडून ते कोष्टक सिद्ध करतात. आणि त्वचेतील रंजकद्रव्यही प्रकाश शोषीत असल्यामुळे, ते स्वयंसेवक बहुतांशी गौरवर्णीय असले तर चूक मुळातच शिरते. २०२०च्याच डिसेंबरात मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, यंत्राच्या नजरेतून निसटलेली प्राणवायूची न्यूनता कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळली. आपल्याकडच्या सावळ्या बोटांवर दिसलेल्या आकड्यांपैकी किती खरे होते, आणि आकड्यावर विसंबून घरीच थांबलेल्यांपैकी कितीजणांचा श्वास खरोखर पुरेसा होता, हा प्रश्न तेथे उभ्या उभ्या मला अस्वस्थ करून गेला.

या साधनाची परीक्षा कोणत्या वर्णाच्या माणसांवर झाली, असे मी तेथील तरुण प्रतिनिधीला विचारले. त्याने अगत्याने माहितीपत्रक उघडले; त्यात अचूकतेची मर्यादा होती, स्वयंसेवकांची संख्याही होती, वर्णाची नोंद तेवढी नव्हती. आपल्या आरोग्यखात्याने खरेदीच्या निविदा काढताना किमतीच्या रकान्याशेजारी या नोंदीचा रकाना सक्तीचा करावा, आणि तो कोरा ठेवणाऱ्याचा अर्ज दाखलच करून घेऊ नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.