गड्ड्यांतील एक छायाचित्र

सोलापूर हें शहर प्रवाशांच्या वाटेवर असलें तरी त्यांच्या यादींत सहसा नसतें. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर येथें जाणारी मंडळी येथें गाडी बदलतात, फार तर दोन चादरी व शेंगांची चटणी बांधून घेतात आणि पुढें निघतात. आम्हीही आजवर तेंच करीत आलों. यंदा मात्र आत्याबाईंचा आग्रह पडला. त्यांचें माहेर सोलापूरचें, वय शहाऐंशी, आणि प्रवास डॉक्टरांनीं बंद केलेला. "संक्रांतीस जा, आणि मला फोनवर गड्डा दाखवा," एवढीच त्यांची मागणी.

बाराव्या शतकांतील शिवयोगी श्रीसिद्धरामेश्वर यांची ही यात्रा. त्यांच्याशीं विवाह करूं इच्छिणाऱ्या कुंभारकन्येस त्यांनीं आपल्या योगदंडाशीं लग्न लावण्याची अनुमति दिली, अशी कथा आहे. त्या विवाहाचा सोहळा दरसाल होतो. आधीं अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक, दुसरे दिवशीं संमति-कट्ट्याशीं अक्षता. सात उंच नंदिध्वज, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदींतले मानकरी, आणि माणसांचा अथांग लोट!

चित्रें काढण्याचें काम आमच्या पुतण्याकडे होतें. फोनचा कॅमेरा सोपा खरा, पण भर उन्हांतील पांढरी बाराबंदी त्याला फसविते. चुण्या नाहींशा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. पडद्यावर त्या कपड्यावरच बोट टेकवावें व उजेड थोडा खालीं ओढावा, हें पुतण्यानें आम्हांस शिकविलें. अक्षतांच्या क्षणीं तर बटण दाबून धरून त्यानें एका दमांत वीसएक चित्रें घेतलीं.

रात्रीं बिऱ्हाडीं बसून त्यांतील एक त्यानें 'स्नॅपसीड'वर सजविलें. आभाळ निळेंशार झालें, कडेचे एक पाठमोरे गृहस्थ कातरले गेले, नंदिध्वज उठून दिसूं लागले. आम्हीं वाहवा केली व चित्र पुण्यास धाडलें. पांच मिनिटांत आत्याबाईंचा फोन : "अरे, अक्षता कोठें आहेत?"

पाहतों तों खरेंच! आभाळांत उडालेले दाणे पुतण्यास धुळीचे ठिपके वाटले होते, आणि डाग पुसण्याच्या सोयीनें त्यानें ते एकेक करून निपटून काढले होते. इतके लोक हात वर करून उभे, आणि कोणाच्याच हातून कांहीं उडत नाहीं! भरीस भर म्हणजे जागा वाचवावी म्हणून मूळ चित्रेंही त्यानें काढून टाकलेलीं. आम्हांस राग आला. पण वाहवा करणारांत आम्हीच पुढें होतों.

सुदैवानें पुसलेलीं चित्रें फोनांत कांहीं दिवस एका निराळ्या कप्प्यांत पडून राहतात. तेथून मूळ चित्र काढून व्हॉट्सअॅपवर पाठविलें, तरी आत्याबाईंना दाणे दिसेनात. पाठवितांना चित्र आवळून लहान केलें जातें, त्यांत ते जिरून गेले असावे. मग तेंच 'डॉक्युमेंट' म्हणून, न आवळतां, धाडलें. आभाळ फिकट, कोपऱ्यांत विजेची तार, पाठमोरे गृहस्थ पुनः कडेला हजर, आणि सगळीकडे तांदूळ.

बराच वेळ उत्तर आलें नाहीं. नंतर त्यांनीं लिहिलें, "आमचे बाबा मला खांद्यावर बसवून अक्षता टाकायला लावीत. या गृहस्थांच्या खांद्यावर कोण आहे?"

आम्हीं चित्र मोठें करून पाहिलें. अगदीं कडेला एक इवलेंसें पाऊल लोंबत होतें, आणि त्यांत चांदीचा वाळा होता.