नाव कोरायचं की नाही?

वीकेंडला आमची ऑफिसची गँग मॉलमध्ये नाहीतर ट्रेकला असते, तेव्हा मी पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवा बसून गंजक्या किल्ल्यांच्या ढिगात मेडल्स शोधत असतो. ‘हा थोडा सटकलाय’ यावर फ्लोअरवर एकमत आहे.

माझं फेव्हरिट म्हणजे पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. 36 मिलिमीटरचं, चांदीचं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. अशी 65 लाखांच्या आसपास वाटली गेली, पण तरी प्रत्येक वेगळं! कारण कडेला भिंग लावून बघा, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथं ठोकलेली असते. आता मिळणाऱ्या कॉपीची कड बहुतेक वेळा कोरीच.

आमच्याही घरी एक होतं. पणजोबा मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर होते. याच मोहिमेत पुण्याची सहावी डिव्हिजन कुतच्या वेढ्यात अडकली आणि एप्रिल 1916मध्ये शरण गेली. पणजोबा मात्र जिवंत परतले. त्यांचं मेडल 1972च्या दुष्काळात सोनाराकडे गेलं. आजीनं त्या पैशांची ज्वारी आणली. मेडल घेऊन सोनाराकडे गेले होते ते बाबा. वय 22.

म्हणून त्यांच्या पंच्याहत्तरीला मी त्याची प्रतिकृती मागवली. सॉलिड सरप्राइज! बाबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली. मग कडेवरून अंगठा फिरवला.

“नाव कुठंय रे?”

“कॉपी आहे बाबा. त्यावर नसतं.”

“मग कोरून घेऊ की. कितीसे पैसे लागतील?”

माझ्यातला कलेक्टर पटकन बोलून गेला, “नको. उद्या आपल्यामागे कुणी ते खरं म्हणून विकलं तर? अशा नाव घातलेल्या कॉप्यांनीच लोक फसतात.”

बाबा गप्प. बरोबर मीच होतो, पण बरं वाटेना.

शेवटी फ्रेम केली. मेडलची कड कोरीच ठेवली. खाली पितळी पट्टीवर पणजोबांचं नाव देवनागरीत, आणि बारीक अक्षरात ‘प्रतिकृती’. बाबा बराच वेळ बघत होते. म्हणाले, “त्या मेडलवर इंग्रजीत होतं. आईला कधी वाचताच आलं नाही.”

आता बाजारात कडेवर नाव दिसलं की भाव विचारायच्या आधी ते मी मोठ्यानं वाचतो. कुणाच्या तरी घरातून तेही असंच निघालेलं असणार. कदाचित ज्वारीसाठीच.